श्टूरच्या मागावर: ब्रातिस्लाव्हा ते मोद्रा

भाऊ नित्र्याला राहायला गेल्यापासून आमच्या घरात स्लोव्हाकियाचं नाव यायला लागलं. नित्रा म्हणजे ब्रातिस्लाव्हापासून तासाभरावरचं जुनं शहर. टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचा कारखाना तिथे २०१८ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सप्लायर कंपन्या आल्या, त्यातल्या एका कंपनीत तो आहे. एकदा फोनवर म्हणाला, "ताई, इथे कुठल्याही गावात जा, एक रस्ता श्टूरच्या नावाचा असतोच, आणि हा माणूस राजा नाही, सेनापती नाही, व्याकरण लिहिणारा आहे." मी मराठी पुस्तकांची प्रुफं तपासते, ऱ्हस्व-दीर्घावर माझं पोट चालतं, त्यामुळे व्याकरण लिहिणाऱ्याच्या नावाचे रस्ते आहेत म्हटल्यावर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये सुट्टी काढून भाऊ, वहिनी, भाची आणि मी असे सगळे गाडी घेऊन या माणसाच्या मागे मागे फिरलो.

थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं कळेल. ल्युदोवीत श्टूर, जन्म १८१५, मृत्यू १८५६, म्हणजे चाळिशीतच गेला. त्याच्या काळात स्लोव्हाकिया नावाचा देश नव्हता, हंगेरीच्या राज्याचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग होता आणि ते राज्य हाब्सबुर्ग सम्राटाच्या ताब्यात. तिथले लोक स्लोव्हाक बोलायचे पण लिहिताना पंचाईत. प्रोटेस्टंट लोक बायबलमधली जुनी चेक भाषा लिहायचे आणि कॅथलिकांमध्ये आंतोन बेर्नोलाक नावाच्या धर्मगुरूने १७८७ पासून बसवलेली, पश्चिमेकडच्या बोलीवर आधारलेली एक वेगळी स्लोव्हाक होती. म्हणजे लोक एक, बोलणं साधारण एक, आणि लिहिणं मात्र चर्च बघून. श्टूरने हे मोडलं.

गुरुवार, ब्रातिस्लाव्हा

व्हिएन्नाच्या एअरपोर्टवरून बसने तासाभरात ब्रातिस्लाव्हा. जुनं शहर एवढंसं आहे की श्टूरशी संबंधित सगळ्या जागा पायी होतात. आधी गेलो कोन्वेन्तना नावाच्या गल्लीत, तिथे प्रोटेस्टंट लोकांचं लिसेयम होतं, म्हणजे शाळा आणि कॉलेज यांच्या मधलं काहीतरी. श्टूर १८२९ मध्ये इथे शिकायला आला तेव्हा १४ वर्षांचाही नव्हता. शहराचं नाव तेव्हा प्रेसबुर्ग, रस्त्यावर भाषा जर्मन, राज्यकर्त्या वर्गाची हंगेरियन आणि कायद्याची लॅटिन. स्लोव्हाक ऐकू यायची ती बाजारात नाहीतर मोलकरणींच्या तोंडी. ब्रातिस्लाव्हा हे नाव तर अधिकृतपणे १९१९ मध्ये मिळालं.

लिसेयममध्ये पोरांचं एक मंडळ होतं, भाषा-साहित्याचं, श्टूर त्यात घुसला आणि दोन-चार वर्षांत त्याचा जीवच झाला. १८३७ मध्ये ते मंडळ बंद करायला लावलं, तर याने युक्ती अशी केली की स्लाव भाषांचे (म्हणजे चेक, पोलिश, रशियन यांच्या कुळातल्या) म्हातारे प्राध्यापक पाल्कोविच यांचा सहाय्यक म्हणून तो उभा राहिला आणि मंडळाचं काम तासाच्या नावाखाली चालू ठेवलं. मग १८३८ ते १८४० जर्मनीत हाले विद्यापीठात भाषाशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान. हेगेल वाचून आला. परतताना चेक प्रांतात एका प्रकाशकाच्या घरी मुक्काम झाला, त्या घरातल्या मारी पोस्पीशिलोवावर जीव जडला, आणि कामात अडथळा नको म्हणून त्याने स्वतःच ते थांबवलं. आपल्या चेल्यांनी लग्नं केलेलीही त्याला आवडायची नाहीत. हे मला पटलेलं नाही, पण माणूस असाच होता.

लिसेयमवरून पाच-दहा मिनिटं चाललं की मिखाल्स्का रस्त्यावर विद्यापीठाची लायब्ररी लागते. तिथे मी बराच वेळ थांबले, कारण १८४८ पर्यंत याच इमारतीत हंगेरीच्या संसदेचं खालचं सभागृह भरायचं. १८४७ मध्ये ज्वोलेन शहराचा प्रतिनिधी म्हणून श्टूर इथे निवडून आला. समोर हंगेरियनांचा नेता कोशुथ याच्यासारखा वक्ता, सभागृहात बहुतेक सगळे सरदार-जमीनदार, आणि हा शाळामास्तरचा मुलगा उभं राहून सांगतोय की वेठबिगारी काढून टाका, आणि प्राथमिक शाळेत मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवा. वेठबिगारी पुढच्याच वर्षी गेली. शाळांच्या भाषेचं मात्र काही झालं नाही.

जवळच पान्स्का रस्त्यावर विज्ञान अकादमीची भाषासंस्था आहे, तिला श्टूरचंच नाव. आजही स्लोव्हाक शब्दकोश आणि लेखनाचे नियम तिथूनच येतात. दारावरची पाटी बघून घेतली, आत काही जाता येत नाही. संध्याकाळी दान्यूबच्या काठावर त्याच्या नावाच्या चौकात गेलो, तिथे त्याचा आणि त्याच्या सोबत्यांचा मोठा पुतळा आहे. त्या जागी पूर्वी राणी मारिया तेरेझाचा पुतळा होता, तो १९२१ मध्ये फोडला. वहिनीने लोक्शे आणले होते, बटाट्याची पातळ पोळी, आत कोबी, तव्यावरची गरम, ती खात तिथेच बसलो.

शुक्रवार, देवीन

दान्यूबवरच्या मोठ्या पुलाखालून सिटी बस सुटते, अर्ध्या तासात देवीन. मोरावा नदी दान्यूबला मिळते तिथे उंच कडा आणि त्यावर पडका किल्ला. १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने सुरुंग लावून उडवला तो तसाच आहे. नवव्या शतकात इथे ग्रेट मोराविया नावाच्या स्लाव राज्याचा गड होता, त्यामुळे श्टूरच्या पिढीला ही जागा फार जवळची. खालच्या काठावर १९८९ पर्यंत, म्हणजे कम्युनिस्ट राजवट होती तोवर, काटेरी तारा होत्या, नदीपलीकडे ऑस्ट्रिया. पळून जाताना मारल्या गेलेल्यांचं स्मारक आहे, ते बघूनच वर चढलो.

२४ एप्रिल १८३६ ला श्टूर आणि लिसेयमची काही पोरं इथे गुपचूप आली. कविता म्हटल्या, शपथ घेतली आणि प्रत्येकाने स्वतःला एकेक स्लाव नाव जोडून घेतलं. श्टूरचं वेलिस्लाव. हुर्बान आणि होजा हे त्याचे दोन जिवलग, दोघांनीही मिलोस्लाव घेतलं आणि ते त्यांना इतकं चिकटलं की आजही पुस्तकांत योझेफ मिलोस्लाव हुर्बान असंच पूर्ण नाव छापतात. विशीतली पोरं, किल्ल्यावर शपथ, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

वर उभं राहून माझ्या डोक्यात आलं ते दादोबा पांडुरंगांचं. त्यांचं मराठी व्याकरण छापलं गेलं तेही १८३६ सालीच, आणि त्याच्या चार वर्षं आधी बाळशास्त्रींचं दर्पण. म्हणजे मुंबईत मराठीत वर्तमानपत्र निघून चार वर्षं झाली, व्याकरण छापून तयार, आणि इकडे युरोपच्या मधोमध या पोरांकडे लिहायला स्वतःची भाषा नव्हती, वर्तमानपत्र तर लांबच. आपण मराठीबद्दल बोलताना कायम मागे पडल्याचा सूर लावतो, तो मला तिथे फार खोटा वाटला.

शनिवार, हल्बोके आणि दोब्रा वोदा

आजपासून गाडी. सेनित्सा गावाजवळ हल्बोके म्हणून खेडं आहे, टूरिस्ट अजिबात येत नाहीत, शेतं, चर्च, चर्चशेजारी पाद्र्याचं घर. भाऊ म्हणाला, "ताई, एवढं लांब यासाठी आलो?" आणि मी म्हटलं हो, याच्यासाठीच आलो.

१८४३ च्या जुलैमध्ये हुर्बान नुकताच इथे पाद्री म्हणून लागला होता. श्टूर आणि होजा त्याच्याकडे येऊन राहिले, ११ ते १६ जुलै, आणि त्या दिवसांत या तिघांनी बसून ठरवलं की नवी लेखी भाषा कशी असेल. तसा विचार प्रेसबुर्गमध्ये फेब्रुवारीपासूनच चालू होता, इथे पक्कं झालं. श्टूर आणि हुर्बान तिशीच्या आतले, होजा एकतीस वर्षांचा. यांच्या हातात सरकार नाही, विद्यापीठ नाही, छापखाना नाही.

आणि त्यांनी निवडलं काय तर मध्य स्लोव्हाकियाची बोली. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठं वाटतं ते हेच, म्हणून जरा थांबून लिहिते. हुर्बान बेत्स्कोवचा, म्हणजे पश्चिमेचा, त्याच्या घरची बोली ही नव्हे. श्टूरचं गावही पश्चिमेच्याच अंगाला. तिघांमध्ये मध्य भागातला म्हणावा असा एकटा होजा. राजधानीची बोली घ्यावी तर प्रेसबुर्गमध्ये जर्मन. विद्वानांची घ्यावी तर चेक तयार होती, तीत शेकडो वर्षांची पुस्तकं होती, श्टूर स्वतः तोपर्यंत चेकमध्येच लिहीत होता. बेर्नोलाकचीही तयार होती, तिच्यात तर सहा खंडांचा कोश झालेला, महाकाव्यं झालेली. हे सगळं बाजूला ठेवून डोंगरातल्या शेतकऱ्यांची बोली घेतली, कारण ती पूर्वेच्याही आणि पश्चिमेच्याही माणसाला कळते, आणि कारण ती कुठल्याच चर्चची नाही. आपली प्रमाण मराठी पुण्याच्या आसपासची का झाली याचं उत्तर सत्ता, शिक्षण, छापखाने कुठे होते यात आहे. इथे सत्ता आणि छापखाने जिथे होते तिथली भाषा घेतलीच नाही. असं ठरवून केलेलं मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही.

हुर्बान पुढे मरेपर्यंत, १८८८ पर्यंत, इथेच पाद्री होता, त्याची कबर गावातच आहे. १८९२ मध्ये त्याच्या कबरीवर स्मारक उभारलं तेव्हा जमलेल्या लोकांना पोलिसांनी कार्यक्रम करू दिला नाही, आणि त्याबद्दल कडक लेख लिहिला म्हणून त्याच्या मुलाला, वायान्स्की या लेखकाला, तुरुंगात जावं लागलं. भाचीने कबरीवर वाटेत तोडलेली रानफुलं ठेवली, तिला शाळेत हे नाव माहीत झालंय.

तिथून दोब्रा वोदा. गाडीने अर्धा-पाऊण तास, जंगलाचा रस्ता, वर पडका किल्ला. तिघं मित्र हल्बोकेहून १७ जुलैला इथेच आले होते, कवी यान होलीला भेटायला. होली म्हणजे बेर्नोलाकच्या भाषेतला सगळ्यात मोठा कवी, कॅथलिक धर्मगुरू, वय ५८. त्याच वर्षी आधीच्या गावातलं घर जळालं, स्वतः भाजला, म्हणून इथे येऊन राहिलेला. आणि ही तीन प्रोटेस्टंट पोरं त्याला सांगायला आली की तुम्ही आयुष्यभर ज्या भाषेत लिहिलंत ती सोडून आम्ही दुसरी घेतोय. त्याने आशीर्वाद दिला असं सगळीकडे सांगतात. न सांगता परस्पर जाहीर करता आलं असतं, पण सांगायला गेले, आणि म्हाताऱ्यानेही दार लावलं नाही. होली १८४९ मध्ये इथेच वारला, कबर इथेच.

रात्री नित्र्याला भावाच्या घरी. जेवण झाल्यावर भाची होमवर्क करायला बसली आणि एका सुरात पाठ म्हणायला लागली, "बि, अबि, बिलिना, बिस्त्रिना, बिस्त्रित्सा, बिस्त्री..." मी विचारलं हे काय, तर म्हणाली, "आत्या, ही इप्सिलोनवाली अक्षरं, पाठच करावी लागतात, ऐकून कळत नाही." स्लोव्हाकमध्ये इ या आवाजाला दोन अक्षरं आहेत, एक साधा इ आणि एक इप्सिलोन. आज बोलताना दोन्ही सारखेच, पण लिहिताना कुठल्या शब्दात कुठला हे ठरलेलं. मग ब, म, प, र, स, व, झ यांच्यानंतर इप्सिलोन येणाऱ्या शब्दांच्या याद्या आहेत, त्या प्रत्येक स्लोव्हाक मूल शाळेत घोकतं. मी आयुष्यभर पहिली वेलांटी की दुसरी हेच करत आलेय, त्यामुळे तिच्याशेजारी बसून पूर्ण यादी ऐकली. आता गंमत काय, की श्टूरच्या व्याकरणात इप्सिलोन नव्हताच! त्याने काढून टाकला होता. परत कोणी आणला ते पुढे मोद्र्याला येईल.

रविवार, उह्रोवेत्स

नित्र्याहून उत्तरेला तास-सव्वातास. बानोव्त्से गावाजवळ डोंगराच्या पायथ्याशी उह्रोवेत्स. इथल्या एका बसक्या, लांबोळक्या घरात २८ ऑक्टोबर १८१५ ला श्टूर जन्मला. वडील सामुएल शाळामास्तर आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे, घरात पाच मुलं, ल्युदोवीत दुसरा. आणि याच घरात १९२१ मध्ये अलेक्झांडर दुबचेक जन्मला, १९६८ च्या प्राग स्प्रिंगवाला, म्हणजे चेकोस्लोव्हाकियातल्या सुधारणांचा नेता, आईवडील नुकतेच अमेरिकेतून परत आलेले आणि या घरात राहायला होते. एकाच छपराखाली दोघं, मधे शंभरएक वर्षं. घरात दोघांचंही म्युझियम आहे.

मला इथे वडिलांबद्दल जास्त वाटत राहिलं. खेड्यातला मास्तर, पगार तो काय, आणि तरी पोराला आधी ज्योर नावाच्या शहरात (आज हंगेरीत) आणि मग प्रेसबुर्गला पाठवलं. १८३० च्या दशकात पैसे संपल्यामुळे श्टूर शिक्षण सोडून इथे जवळच कारकुनी करायला परतला होता, काही महिन्यांनी पुन्हा गेला. १८४९ नंतर राजकारण हरल्यावरही तो याच घरी येऊन राहिला.

गावात फिरायला फार काही नाही. जेवायला ब्रिंझा हालुश्की मिळाले, बटाट्याच्या पिठाचे छोटे गोळे आणि वर मेंढीच्या दुधाचं आंबटसर चीज. वर बेकन घालतात, ते नको म्हणून आधी सांगावं लागतं.

सोमवार, लिप्तोव्स्की मिकुलाश

स्लोव्हाकियात सोमवारी बहुतेक म्युझियम बंद असतात, म्हणून हा दिवस प्रवासाला ठेवला होता. वाग नदीच्या कडेने पूर्वेला जाताना डाव्या हाताला तात्रा पर्वत दिसायला लागले आणि मग गाडीत कुणी कुणाशी बोलेना. शिखरांवर पहिला बर्फ पडून गेलेला होता.

मिकुलाशला होजा पाद्री होता. त्याच्या घरी ऑगस्ट १८४४ मध्ये तात्रीन नावाचं मंडळ स्थापन झालं, नव्या भाषेत पुस्तकं छापायची आणि गरीब विद्यार्थ्यांना मदत करायची यासाठी. घर चर्चच्या बाजूलाच आहे, आम्ही बाहेरूनच पाहिलं. १० आणि ११ मे १८४८ ला इथेच स्लोव्हाक राष्ट्राच्या मागण्या लिहून जाहीर केल्या गेल्या. शाळा, कोर्ट, कचेरी सगळं आपल्या भाषेत, स्वतंत्र विधानसभा, सगळ्यांना मताधिकार. त्यावर हंगेरीच्या सरकारने श्टूर, हुर्बान, होजा तिघांवर पकड वॉरंट काढलं.

पुढचा भाग अवघड आहे. हंगेरीची क्रांती व्हिएन्नाच्या सम्राटाविरुद्ध, आणि स्लोव्हाक सशस्त्र तुकड्या उभ्या राहिल्या त्या सम्राटाच्या बाजूने. बुडापेस्टमध्ये ही गोष्ट फार वेगळी सांगतात आणि त्यांच्या जागी उभं राहून बघितलं तर ते समजू शकतं. पण ज्या क्रांतीत आपल्या भाषेला शाळेतसुद्धा जागा नाही तिच्या बाजूने लढा असं या लोकांना कुठल्या तोंडाने सांगणार? सम्राटाने लढाई जिंकल्यावर यांना दिलं काहीच नाही, हे खरं दुर्दैव.

मंगळवार, लेवोचा

लेवोचा हे तटबंदीतलं मध्ययुगीन गाव, जागतिक वारशाच्या यादीत आहे. सेंट जेम्सच्या चर्चमध्ये मास्टर पाव्होलने कोरलेली लाकडी वेदी, उंची १८.६ मीटर, गॉथिक शैलीतली जगातली सगळ्यात उंच म्हणतात. मान दुखेपर्यंत बघितली.

पण आम्ही आलो होतो पोरांसाठी. १८४३ संपता संपता लिसेयमने श्टूरला शिकवण्याच्या कामावरून काढलं. वरून दबाव होता, हंगेरियनवादी मंडळींना हा माणूस नकोच होता, आणि १८४४ मध्ये तर कायदाच झाला की लॅटिन जाऊन राज्याची भाषा हंगेरियन. विद्यार्थ्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, काही उपयोग झाला नाही. तेव्हा मार्च १८४४ मध्ये २२ जणांनी लिसेयम सोडलं आणि त्यातले १३ जण तीनशे किलोमीटरवरच्या लेवोच्याला आले, इथल्या लिसेयममध्ये. रेल्वे नाही, थंडी संपलेली नाही, बहुतेक सगळे गरीब घरचे. डिग्री हातची जाऊ शकत होती.

निघण्याआधीच्या त्या दिवसांत यान्को मातूश्का या विद्यार्थ्याने एका लोकगीताच्या चालीवर गाणं रचलं, तात्रा पर्वतावर विजा चमकतायत अशा अर्थाचं. आज ते स्लोव्हाकियाचं राष्ट्रगीत आहे. म्हणजे एका मास्तरला काढलं म्हणून पोरांनी कॉलेज सोडलं आणि त्यातून देशाचं राष्ट्रगीत आलं. भाचीने चौकात ते म्हणून दाखवलं, जवळच्या बाकावरचे एक आजोबा उठून उभे राहिले, संपेपर्यंत उभेच होते, आणि मग तिच्याशी बराच वेळ बोलत बसले. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. भाऊ म्हणाला ते तिला विचारतायत की तुझ्या घरी कुठली भाषा बोलतात, आणि ती मराठी विसरू नको असं सांगतायत.

बुधवार, मोद्रा

परत पश्चिमेला, मोठा पल्ला, पहाटेच निघालो. मोद्रा हे ब्रातिस्लाव्हाजवळचं द्राक्षांचं गाव, छोट्या कार्पेथियन डोंगरांच्या उतारावर सगळीकडे मळे. काढणीचे दिवस, त्यामुळे रस्त्याकडेला बाटल्यांतून बुर्चियाक विकायला, म्हणजे अर्धवट आंबलेला ताजा द्राक्षरस, गोडसर आणि फसफसता.

इथे श्टूरच्या नावाचं म्युझियम आहे आणि मला जे बघायचं होतं ते इथे. ऑगस्ट १८४५ पासून त्याने काढलेलं वर्तमानपत्र, स्लोव्हाक भाषेतलं पहिलं राजकीय वर्तमानपत्र. भाचीने नाव वाचलं आणि अडखळली. ती शाळेत शिकते त्याप्रमाणे ते "स्लोवेन्स्के नारोद्ने नोविनि" असायला हवं, इथे छापलंय "स्लोवेन्स्क्ये नारोद्न्ये नोविनि", आणि शेवटच्या शब्दात शेवटी इप्सिलोनच्या जागी साधा इ. "आत्या, यांनी स्पेलिंग चुकवलंय!" मी म्हटलं चुकवलेलं नाही, हाच तो माणूस.

१८४६ मध्ये श्टूरने दोन पुस्तकं काढली. एकात ही भाषा का हवी ते सांगितलं, दुसऱ्यात व्याकरण. लेखन शक्य तितकं उच्चाराप्रमाणे. इप्सिलोन नाही, मऊ व्यंजनांवर खूण सगळीकडे द्यायची, आणि "होता" याला "बोऊ", कारण लोक बोलतात तसंच. चेक लोक खवळले. त्यांचं म्हणणं की आपण आधीच थोडे, त्यात तुम्ही वेगळे होताय. प्रागमध्ये त्याच वर्षी विरोधातल्या लेखांचं अख्खं पुस्तक निघालं, आणि ते काढणारा यान कोल्लार स्वतः स्लोव्हाक! श्टूर लहानपणापासून ज्याच्या कविता वाचत आला तोच.

मग १८५१ च्या ऑक्टोबरमध्ये प्रेसबुर्गला प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोन्हीकडची माणसं बसली आणि ठरलं की बोली श्टूरचीच पण लेखन बदलायचं. काम दिलं मार्तिन हात्तालाला, हा कॅथलिक धर्मगुरू, भाषाशास्त्रात तयार, पुढे प्रागला प्राध्यापक झाला. त्याचं व्याकरण १८५२ मध्ये आलं. इप्सिलोन परत आला, "बोऊ" चं "बोल" झालं, काही नवी अक्षरं आली, बाकी स्लाव भाषांशी नातं डोळ्याला दिसावं म्हणून. आज भाची जे घोकते ते हात्तालाचं.

आणि श्टूरने त्याला मान्यता दिली. सहा वर्षांपूर्वी जे स्वतः लिहिलं, ज्यासाठी दैवतासारखा कवी विरोधात गेला, ते व्याकरण बदलायला तो राजी झाला, कारण त्याच्या बदल्यात दोन्ही चर्चचे लोक पहिल्यांदा एका भाषेत लिहायला लागणार होते. मी नियमांच्या पुस्तकांवर जगणारी बाई आहे. एक वेलांटी बदला म्हटलं तरी लेखक, संपादक, आम्ही प्रुफवाले, सगळे कसे हट्टाला पेटतो ते मला रोज दिसतं. म्हणून हा माणूस मला व्याकरणापेक्षा या एका होकारासाठी मोठा वाटतो. नियम त्याचे राहिले नाहीत, बोली त्याने निवडलेली राहिली, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

मोद्र्याला तो १८५१ मध्ये आला, भाऊ कारोल वारला म्हणून, मागे सात मुलं होती, त्यांना सांभाळायला. पोलिसांची नजर कायम. त्याच वर्षी वडील गेले, १८५३ मध्ये आई गेली, आणि अदेला ओस्त्रोलूत्स्काही, एका सरदार घराण्यातली, त्याच्या अगदी जवळची. त्या वर्षांत त्याने स्लावांच्या लोकगीतांवर आणि लोककथांवर पुस्तक लिहिलं, ते प्रागमध्ये छापलं गेलं. शेवटचं मोठं पुस्तक जर्मनमध्ये, सगळ्या स्लावांनी रशियाच्या छत्राखाली यावं असं म्हणणारं, ते तो गेल्यावर १८६७ मध्ये रशियनमध्ये आलं. ते विचार मला मुळीच पटत नाहीत, एकटेपणाने आणि निराशेने माणूस कुठे जाऊन पोचतो ते त्यात दिसतं, पण लपवण्यासारखंही काही नाही.

२२ डिसेंबर १८५५ ला शिकारीला गेला असताना ओढ्यावरून उडी मारताना स्वतःचीच बंदूक सुटली, गोळी मांडीत. तीन आठवडे अंथरुणात काढून १२ जानेवारी १८५६ ला गेला. कबर गावच्या दफनभूमीत आहे, आम्ही गेलो तेव्हा कुठल्यातरी शाळेची ट्रिप आली होती, बाई मुलांना प्रश्न विचारत होत्या आणि मुलं हात वर करून ओरडत होती.

कुणाला जायचं असेल तर, मोद्रा ब्रातिस्लाव्हाहून बसने तासाभराच्या आत होतं, देवीन सिटी बसने, या दोन जागा गाडीशिवाय आरामात होतात. हल्बोके आणि दोब्रा वोदाला स्वतःची गाडी पाहिजेच. म्युझियममध्ये इंग्लिश माहिती कमी मिळते, बरोबर स्लोव्हाक वाचणारं कोणी असेल तर फार फरक पडतो. आणि लेवोच्याला निदान एक रात्र राहा, आम्ही घाई केली.